खुर्ची अडवून बसणारे सर

माझं हृदय कमजोर झालेलं असताना मी हृदयाची गोळी बंद केली आणि तिच्या जागी डिंकाचे लाडू सुरू केले. सकाळी एक, संध्याकाळी एक, साजूक तुपातले.

यामागे विचार होता, हे विशेष. नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं तेव्हा ते ढिल्या पिशवीसारखं हलत होतं. कुठलासा ताप येऊन गेला होता, त्याची ही करामत म्हणे. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. पंप सुधारला तर उत्तम, नाहीतर छातीत कातडीखाली एक यंत्र बसवावं लागेल. गोळ्यांमधली एक नाडी हळू करणारी होती. ती घेतली की मला भर दुपारीच दिवस मावळल्यासारखं वाटायचं. मी सरकारी बाबू, सरळ हिशेब केला. पंप आधीच कमी पाणी फेकतोय आणि हे त्याचा वेग आणखी कमी करतायत. कमजोराला ताकद द्यायची की ब्रेक लावायचा? बायकोला सांगितलं, डॉक्टरांनी फोनवर गोळी थांबवायला सांगितली आहे. डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे नव्हताच, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

आमच्या घरमालकांच्या मात्र लगेच लक्षात आलं.

मध्य प्रदेशातलं आमचं अख्खं बालाघाट त्यांना नुसतं 'सर' म्हणायचं. नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी जन्मभर शरीराचं काम कसं चालतं ते शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावाकडच्या घरात परत आले. खाली ते एकटे, वर आम्ही भाडेकरू. कोणी डॉक्टरसाहेब म्हटलं की चिडायचे. "मी इलाज करत नाही गा. गाडी कशी चालते तेवढं सांगतो. दुरुस्तीवाला वेगळा." लेक्चर द्यायची वेळ आली तर शुद्ध मराठी, एरवी आपली इकडची बोली. रागावले की हिंदी.

सरांना जगातल्या कोणत्याही गोष्टीबद्दल एकच प्रश्न पडायचा. खर्च किती? पैशाचा नव्हे, जिवाचा. दूधवाला फाटकाशी उभा राहून मोटरसायकलची मूठ पिळायचा, घरघर घरघर, लोकांना कळावं म्हणून. सर ओट्यावरून विचारायचे, "गाडी तर उभी आहे. मग पेट्रोल कुठं जाऊन राह्यलं?" दूधवाला म्हणायचा, "आवाज के लिए, सर." सर म्हणायचे, "आवाज पिऊ का मी?" शेवटी त्या माणसाने सायकलची घंटी मोटरसायकलला बांधली.

घरात जिन्यावरून ओरडायला बंदी. आमच्या भाडेचिठ्ठीत कलमच होतं की, भाडेकरूने घरमालकाशी दोन हातांच्या अंतरावर येऊन बोलावे. उभं राहून बोलणंही त्यांना पटायचं नाही. सायकलच्या कॅरिअरला घडीचा स्टूल बांधलेला असायचा. भाजीबाजारात तो उघडून, वांग्यांच्या ढिगासमोर बसून, निवांत भाव करायचे. भाजीवाल्या त्यांच्यापुढे हात टेकायच्या, कारण बसलेलं गिऱ्हाईक दमत नाही.

यावरून कोणी त्यांना अंगचोर समजलं तर ते चूक ठरेल. एकदा समोरच्या घरात गॅसच्या नळीने पेट घेतला. आम्ही सगळे गच्चीवरून "पाणी, पाणी" असं उपयुक्त मार्गदर्शन करत होतो. सर सत्तरीच्या पुढचे, नळाखाली पोतं भिजवून गल्ली ओलांडून धावत गेले, आग विझवून सिलिंडर बाहेर काढला आणि मग रस्त्यावरच मांडी घालून स्वतःची नाडी मोजत बसले. मी पोचलो तेव्हा म्हणाले, "हा खर्च बरोबर होता." आणि वर माझ्याकडे पाहून, "तुझा आरडाओरडा सोडून."

तर लाडू. लाडवांनी मला तरतरी आली. निदान छाती धडधडायची, आणि धडधडते ती तरतरी असा माझा समज होता. एका सकाळी दफ्तरला निघालो तर सर फाटकात स्टूल टाकून बसलेले.

"इकडे ये गा. मोजा काढ."

"सर, दफ्तरची वेळ झाली."

"दफ्तर कुठं पळून जाऊन राह्यलं? काढ मोजा."

मी काढला. सरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, कणकेच्या गोळ्यावर बोट टेकवल्यासारखा. सर त्या खड्ड्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग मनगट धरलं.

"गोळी कधीपासून बंद आहे?"

"कोणती गोळी?"

"जी बंद आहे ती."

बायको कलमाप्रमाणे जिना उतरून दोन हातांवर आली. "डॉक्टरांनीच सांगतलं ना सर, फोनवर. मले हे म्हणले."

"नंबर दाखव," सर मला म्हणाले.

मी मोबाइल काढला आणि उगाच वरखाली केला. त्यात गॅसवाला होता, साडू होता, बिरसा गावचा एक ठेकेदार होता. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी कुठल्याही गोळीशिवाय आजपर्यंत लक्षात ठेवली आहे.

त्याच दिवशी सरांनी आम्हा दोघांना गोंदियाच्या गाडीत घातलं, स्वतःही बसले, तिथून नागपूर. डॉक्टरांनी मला झापलं. अंगातलं पाणी उतरवायला एक गोळी दिली आणि पाणी उतरल्यावर ती हळू करणारी गोळी पुन्हा अगदी चिमूटभर डोसापासून सुरू केली. दर काही आठवड्यांनी दुप्पट करू म्हणाले. सुरुवातीला थकवा वाटेल, आपल्या मनाने थांबवायची नाही, आणि ते सहा महिने आता आजपासून मोजायचे.

परतीच्या गाडीत मी माझं म्हणणं मांडलं. खिडकीजवळ बसलो की मला हुशारी सुचते. "सर, रागावू नका. पण घाई केल्याशिवाय कमजोराकडून काम होत नाही. आमच्या दफ्तरातच पाहा ना. वरून दट्ट्या आला नाही तर कागद हलत नाही."

गोंदिया यायच्या जरा आधी सर एवढंच म्हणाले, "तुझ्या टेबलाजवळ किती खुर्च्या आहेत?"

"दोन. एक माझी, एक येणाऱ्या माणसाची."

"उद्या येतो."

आता आमच्या दफ्तराबद्दल सांगायला हवं. नाव लिहीत नाही, कारण माझी पेन्शन अजून व्हायची आहे. तिथे प्रत्येक बाबूच्या टेबलाजवळ एक जादा खुर्ची असते. ती जनतेच्या सोयीसाठी आहे, असं भिंतीवर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ज्याला आपली फाइल लवकर पाहिजे तो येऊन तिच्यावर बसतो आणि बसूनच राहतो. चहा मागवतो. "बस, दो मिनट का काम है, बाबूजी," असं तासभर म्हणतो. तो बसला की आपण त्याची फाइल वर घ्यायची. तेवढ्यात लामता गावाहून कोणी येतो, पहिला उठला की तो बसतो, मग त्याची फाइल वर. पहिली अर्धीच राहिली, ती खाली. खुर्ची चुकून रिकामी राहिली तर हेडक्लार्क, म्हणजे आमचे बडे बाबू, स्वतः येऊन बसतात. त्यांचं ते वाक्य ठरलेलं, "हुआ क्या? ऊपर से फोन है." दिवसभर हात चालतात, तोंड चालतं, टेबलाखाली चहाचे रिकामे ग्लास साचतात, आणि संध्याकाळी एकही फाइल धड पूर्ण झालेली नसते. पण दमल्यामुळे आपण खूप काम केलं असं वाटतं. मी या पद्धतीने नोकरीची बहुतेक वर्षं काढली आहेत.

दुसऱ्या दिवशी सर आले आणि त्या खुर्चीवर बसले. हातात काही नाही, बोलणं नाही. बिरशाहून सकाळच्या बसने आलेला एक माणूस आला, खुर्ची भरलेली पाहून जरा घुटमळला, कागद ठेवून गेला. दुसरा आला, तोही गेला. मग बडे बाबू आले.

"सर, आपका कुछ काम था?"

"है ना. बैठने का."

"मतलब, किसलिए?"

"ताकि तुम न बैठो."

बडे बाबूंनी साहेबांकडे तक्रार केली. पण साहेबांच्या थोरल्या बहिणीला सरांनी कधीकाळी शिकवलं होतं, नापासही केलं होतं, त्यामुळे त्या घरात त्यांचं नाव फार आदराने घेत. साहेब बाहेर आले, सरांच्या पाया पडले आणि आत गेले.

अर्ध्या तासाने सर उठले. "आजचा डोस झाला," म्हणाले.

त्या अर्ध्या तासात मी काय केलं? काही नाही. घाई करणारं कोणी नसल्यामुळे मला काम करायचं कारणच सापडेना. पेपर वाचला, पेन पुसलं, डुलकी काढली. संध्याकाळी मी विजयी मुद्रेने सरांच्या ओट्यावर गेलो. "पाह्यलं का सर? काम कमी झालं."

"हौ. पहिल्यांदा कमीच होते." ते शेंगा सोलत होते. "ज्याले दिवसभर टोचून चालवलं, त्याचं टोचणं काढलं की तो आधी बसते. म्हणून तर डोस लहान. उद्या येतो."

आले. परवाही आले. त्या पंधरवड्यात रोज अर्धा तास, पुढच्या पंधरवड्यात तासभर, त्याच्या पुढे दोन तास. माझी गोळी जशी वाढली तशी त्यांची बैठक वाढली. उन्हाचे दिवस सुरू झाले, दफ्तरातला पंखा आमच्यासारखाच काम केल्याचा देखावा करायचा, आणि हा म्हातारा डोक्याला ओला रुमाल बांधून हजर. दफ्तरात लोक चेष्टा करायचे. पलीकडच्या टेबलावरच्या चौबेजींनी विचारलं, "सर, वेतन मिलता है क्या?" सर म्हणाले, "तुमको मिलता है, वही बहुत है."

आणि मग हळूहळू माझ्या हाताला चाळा लागला. समोर कोणी हलत नाही, बोलत नाही, मग वरची फाइल उघडावी, संपवावी, दुसरी घ्यावी. फाइली आल्या त्या क्रमाने जाऊ लागल्या. बिरशाच्या माणसाचा कागद त्याने न बसता, न चहा पाजता निघाला, तर तो घाबरून परत विचारायला आला की काही गडबड तर नाही ना. एका संध्याकाळी सरांनी मला टेबलाखाली पाहायला लावलं. चहाचे दोनच ग्लास होते.

"काम?"

"जास्त झालं," मला कबूल करावं लागलं.

"आणि चहा?"

"कमी."

"आता ऐक." सर खुर्चीवर सावरून बसले आणि त्यांची भाषा एकदम कॉलेजातली झाली. "तुझ्या हृदयाच्या प्रत्येक पेशीवर अशा खुर्च्या आहेत. अ‍ॅड्रेनलिन नावाचं हार्मोन येतं, बसतं आणि घाई करतं. समोर आग लागली तर ती घाई पाहिजेच. पण हृदय कमजोर झालं की शरीर घाबरतं आणि ते हार्मोन दिवसभर पाठवत राहतं. पेशी धडपडते. ऑक्सिजन नुसता पिते, आणि रक्त पुढे ढकलण्याचं काम तेवढंच, किंवा कमी." इथे ते परत घरच्या बोलीवर आले. "तुमचे बडे बाबू ओरडतात, ते तू ऐकते का?"

"नाही. सवय झाली."

"हृदयालेही होते. ते बहिरं होते, आपल्या खुर्च्या कमी करून टाकते. मग वरून अजून मोठ्यानं ओरडतात. गोळी काय करते? आधीच जाऊन खुर्चीवर बसते. बोलत नाही, काही नाही. बसते. थोड्या महिन्यांनी हृदय तेवढंच काम कमी खर्चात करायले लागते."

मी विचारलं, "आणि लाडू?"

"घाईचं हार्मोन अंगातली चरबी सोडवून रक्तात ओतते, आणि हृदय तीच जाळत बसते. चरबीले ऑक्सिजन जास्त लागते. गोळी बसली की हृदय थोडं साखरेकडे वळते. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये काम जास्त निघते."

हे मला इतकं पटलं की घरी जाताना मी पाव किलो जिलबी घेतली.

जिना चढायच्या आत पुडी सरांच्या हातात होती. "माणूस आहे का बैल गा तू? कोणतं इंधन जाळायचं हे पेशी ठरवते, हलवाई नाही." ती जिलबी त्यांनी दूधवाल्याला देऊन टाकली. घंटी बांधल्याबद्दलचं बक्षीस म्हणून.

सर आता नाहीत. गेल्या वर्षी झोपेतच गेले, आणि जाताना कोणाला काही खर्च पडू दिला नाही. त्यांच्याबद्दल बोलताना लोक स्टूल सांगतात, बाजारातलं बसून भाव करणं सांगतात, हसतात. मीही सांगतो. पण एक गोष्ट आहे जी मी फक्त बायकोला सांगितली होती.

मे महिना होता. सर चार तास बसायला लागले होते आणि परतताना त्यांची सायकल मी ढकलत होतो. वैनगंगेकडून गरम वारा येत होता. मला त्यांची काळजी वाटली आणि मी म्हटलं, "सर, आता पुरे. मी गोळी घेऊन राह्यलो, नियमानं. तुम्ही काहून एवढा जीव आटवता? तुम्हीच खर्चाचं म्हणता ना."

सरांनी कॅरिअरवरचा स्टूल सोडला आणि रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत बसले.

"आमच्या काळी पुस्तकात लिहिलं होतं की, कमजोर हृदयाले ही गोळी म्हणजे जहर. तू जे म्हणत होता तेच. पंप हळू आहे, अजून हळू काहून करता? मी तेच शिकवलं. परीक्षेत जो पोरगा उलटं लिही, त्याले मी नापास करत होतो." त्यांनी डोक्याचा ओला रुमाल सोडला. "मग घरी आमच्या हिचं हृदय तसंच झालं. एक तरुण डॉक्टर आला, माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, बाहेर लोक ही गोळी देऊन पाहून राह्यले, थोडी थोडी. देऊ का? मी त्याले हाकलून दिलं."

"पण पुस्तकातच तसं होतं, सर."

"हौ. पुस्तकात तसंच होतं." त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "खड्डा तिच्या पायावर पडत होता. पुस्तकाच्या नाही."

मी सायकल कडुनिंबाला टेकवली. सर उठले, स्टूलची घडी केली आणि म्हणाले, "चाल. उद्यापासून पाच तास."

आणि बसले ते. साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, त्यांनी विचारलं, हे कोण? बडे बाबूंनी सांगितलं, "साहब, ये हमारे सर हैं. इनकी कुर्सी है." मला वाटतं त्या माणसालाही एव्हाना दिवसभर न ओरडण्याची चटक लागली होती.

सहा महिने पुरे झाले. नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मी चांगलाच घाबरलो होतो. छातीत यंत्र बसवलेला माणूस कसा दिसत असेल, सदरा कुठून वर येत असेल, असले विचार. बायको डबा भरत होती. सर नागपूरला आले नाहीत. "मी पाहून तुझं हृदय बदलणार नाही," म्हणाले. पण पहाटे आम्ही निघालो तेव्हा फाटकात बसलेले होते. माझं मनगट धरलं, पाहिलं, सोडलं. कितीही विचारलं तरी आकडा सांगितला नाही.

डॉक्टरांनी जेल लावलं, यंत्र फिरवलं. पडद्यावर जे दिसलं ते मलाही कळलं. पिशवी आता पिशवी नव्हती. मूठ आवळावी तशी ती आवळत होती, सुटत होती, घाई न करता. डॉक्टरांनी दोनदा मोजलं, जुना फोटो काढून शेजारी ठेवला आणि म्हणाले, यंत्राची गरज नाही. बायकोने तिथेच पदर तोंडाला लावला. मी डॉक्टरांशी हात मिळवला, टेक्निशियनशी मिळवला, दारातल्या चपराशाशीही मिळवला.

संध्याकाळी बालाघाटला उतरलो. रिक्षा फाटकाशी थांबायच्या आत मी उतरलो आणि जिन्याचं कलम विसरून लांबूनच ओरडलो, "सर! सुधारलं!"

सर ओट्यावर होते. रागावले नाहीत. रिपोर्ट मागून घेतला, चष्मा लावला, दिव्याखाली धरला. पहिलं पान वाचलं, परत वाचलं. आम्ही दोघं दोन हातांवर उभे. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला, बाहीने पुसला आणि नुसतं "हं," म्हणाले. त्या एका "हं"साठी हा माणूस सहा महिने आमच्या दफ्तरातल्या त्या ढेकणांच्या खुर्चीवर बसला होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. आभार, उपकार, असं काही. मी पुढे सरकलो, सरांच्या पायाला हात लावला आणि अत्यंत कृतज्ञतेने विचारलं, "सर, मग आता गोळी बंद केली तर चालेल ना?"

सरांनी रिपोर्टची घडी केली, माझ्या डोक्यावरून हात पुढे नेऊन ती बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले,

"बाई, याचं हृदय सुधरलं. हा काही सुधरला नाही."